हरवलेल्यांचा मंडप

अक्षतेच्या दिवशी टॉवेल कारखान्याला अर्धी सुट्टी.
अव्वाला अंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं,
पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्या, दोन कडक भाकरी,
आणि रिक्षात बसल्यावर पाहिलं,
एका पायात तिची चप्पल, एका पायात बायकोची.
तिच्यावर ओरडलो. रिक्षावाला आरशातून बघत होता.

तळ्याच्या कडेनं माणूस माणसाला चिकटलेला.
बाराबंदी घातलेली पोरं, आजोबा, फौजदार, भजीवाले,
कठ्ठ्यावर पोचायला वाट नाही, परतायलाही नाही.
काठ्या आल्या तशी गर्दी एका अंगानं कलली,
कुणीतरी हर्र म्हणालं, मग सगळेच.
मी तिच्या मुठीत तांदूळ दिले, मिटून घेतली मूठ,
म्हटलं, सांगेन तेव्हा टाक.

दिड्डम दिड्डम ऐकू आलं.
मी वर हात केला. दोन्ही हात.
चूक तीच.

डोक्यांवर तांदूळ पडत होते
आणि माझ्या शेजारी एक अनोळखी बाई उभी होती.

किल्ल्याच्या बाजूला गेलो, चपलांच्या ढिगाकडे गेलो,
उसाच्या गाड्यामागं, नळापाशी,
प्रत्येक पांढऱ्या लुगड्याला मागून हाक मारली.
भोंग्यावर नावं चाललेली.
शेळगीचा ओंकार, निळा शर्ट.
विडी घरकुलच्या पद्मावती, सोबत नातू.
करजगीची निंगव्वा चन्नमल्लप्पा, वय सांगते नऊ,
वडिलांनी येऊन घेऊन जावे.
लोक हसले. मीही थोडा हसलो असेन.
निंगव्वा पुन्हा एकदा पुकारली. तिसऱ्यांदाही.
मी शकुंतला ऐकायला कान टवकारून उभा.

मग पुकारणारा वैतागून म्हणाला,
नऊ कसली, सत्तरीच्या आहेत,
हातात मोरपंखी पिशवी,
पायात चपला दोन निरनिराळ्या.

सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव
आम्हाला तेवढंच माहीत होतं.
रेशनकार्डावर तेच, दवाखान्याच्या केसपेपरवर तेच.
त्या तांदळाखाली आधीचं कुणी होतं
हे पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही,
मी तर नाहीच.

मंडपात सतरंजीवर बसलेली, एका रडक्या पोराला
भाकरीचा तुकडा चुरून देत होती.
मला बघून उठली. रागावलेली.
अप्पा, याक तडा माडिदी?
इतका उशीर का केलास म्हणून.
तिचा बाप मी कधी पाहिलेला नाही.
फोटोही नाही घरात.

रजिस्टर पुढं सरकवलं. घेऊन जाणाऱ्याचं नाव, सही, नातं.
स्वयंसेवक पोरगा कॉलेजचा, मोबाइलमध्ये गुंतलेला.
पेन दोनदा टेकवलं, उचललं.
लिहिलं, वडील.
त्यानं न वाचता शिक्का मारला.

बाहेर ती म्हणाली, पाळण्यात बसायचं.
मला उंचीची भीती आहे, हे तिला एके काळी माहीत होतं.
दोन तिकिटं काढली.

वर गेल्यावर पाळणा थांबला, खाली माणसं चढत होती.
मी दांडा धरून डोळे मिटलेले.
तिनं कोपरानं ढोसलं,
तळं, देऊळ, गिरणीचं धुराडं ओलांडून
दूर अक्कलकोटाकडं बोट केलं,
म्हणाली, ते बघ, आपलं घर. दिवा लागलाय.

दुपारचे तीन वाजले होते.
लागलाय, म्हटलं.

उतरताना तिची दुसरी मूठ अजून मिटलेलीच होती,
घामानं हळद बोटांना लागलेली.
टाक ना आता, म्हटलं.
नवरी कुठाय, म्हणाली,
आणि मूठ आणखी घट्ट केली.